बिजली बसायची ती जागा

कामाला सुरुवात करण्यापूर्वी ते उजव्या हाताचा तळवा छातीवर ठेवायचे. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीच्या जरा खाली, दोन श्वास होतील एवढा वेळ. मग पट्टा सैल सोडून म्हणायचे, "चाल वं माय, शोध." कोणी देवाचं नाव घेतं, कोणी तंबाखूचा खर्रा घोटतं, तसं हे त्यांचं असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तेच धरलं असतं.

मी जनावरांची डॉक्टर. माझा दवाखाना धरमपेठेत, पण दर बुधवारी बुटीबोरीच्या अलीकडे एका मैदानावर जायचे. चोरट्या शिकारीचा माग काढणाऱ्या कुत्र्यांचं एक छोटं पथक तिथे होतं. कोणी वाघाचं कातडं, नखं, हाडं दडवून ठेवली असतील तर ती वासावरून शोधायची, हे त्या कुत्र्यांचं काम. त्यांना शिकवणारे हे. राहणारे कामठीचे, अंगाने काटक, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. मी त्यांना भाऊ म्हणायचे आणि ते मला मॅडम.

नव्या वनरक्षकांना ते पहिल्याच दिवशी ऐकवायचे, "नख असो का केस, वाघाचं ते वाघाचं. आजोबाचं हाये, देवाचं हाये, असं कोणी सांगन. ऐकाचं नाई." एका गावात त्यांनी म्हातारीच्या देव्हाऱ्यातून नख उचललं होतं. ती पाया पडत होती आणि हे तिला हात धरून उठवत होते, पण नख काही परत ठेवलं नाही. 

त्यांनी शिकवलेली आधीची दोन्ही कुत्री कामाला पक्की होती. तिसरी बिजली.

बिजली शिकारी जातीची पोर. लांब तंगड्या, मुठीत मावेल अशी कंबर, धावली तर डोळ्यांना दिसू नये. ही जात नजरेने शिकार करणारी, नाकाचं काम हिला जमेल का, अशी सगळ्यांनाच शंका. भाऊंनीच हट्टाने आणली होती. म्हणाले, "नाक साऱ्याच कुत्र्याइले असते, मॅडम. शिकवणाऱ्याले दम पायजे."

दम किती पाहिजे, ते पुढे कळलं. मैदानावर दहा मडकी पालथी घालायची, एकाखाली वाघाच्या कातड्याचा तुकडा. कुत्र्याने मडकी हुंगत जायचं आणि वास लागला की तिथे बसायचं, एवढाच धडा. बाकीची कुत्री दोन-तीन महिन्यांत तो शिकली. बिजली मात्र एखादं मडकं हुंगायची, मान वळवायची, सरळ परत येऊन भाऊंच्या पुढ्यात बसायची आणि वर त्यांच्याकडे बघत राहायची.

"नाव बिजली आणि काम लोडशेडिंगचं," असं पथकातली पोरं म्हणायला लागली. मीही हसले होते.

भाऊ चिडत नसत. पट्ट्याला हिसका नाही की आवाज चढवणं नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसायचे. "असं काहून करून राहिली वं? तिकडं पाह्य ना, बाई." मग तिला पुन्हा पहिल्या मडक्यापाशी न्यायचे. पुन्हा छातीवर हात, पुन्हा "चाल वं माय". एका सकाळी हे मी एकवीस वेळा मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. मी मूळची उतावळी. नुसतं बघूनच माझं डोकं तापायचं.

"भाऊ, हिच्या डोक्यात काही शिरत नाही हो."

"शिरन, मॅडम. घाई काहून करता? तिचं तिले समजू द्या."

एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं की हे वाक्य त्यांचं नव्हेच, त्यांच्या आईचं. "पाच वर्षांचा होईस्तोर मी बोलत नव्हतो. सारे म्हणत, मुकं हाये पोट्टं. माय म्हणे, बोलन तो, घाई काहून करता? तिनं काय काय नाई केलं! गंडे बांधले, दोरे बांधले. अन् रोज पुढ्यात बसून एकेक शब्द बोलत राहे." आई नुकतीच गेली होती. बिजली पथकात आली त्याच्या पंधरा दिवस आधी. चहाचा कप खाली ठेवून त्यांचा हात पुन्हा छातीवर गेला. मी पाहिला आणि विसरले.

आता दोन गोष्टी सांगते. या दोन्ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

बक्षीस म्हणून भाऊंच्या कमरेच्या पिशवीत उकडलेली कलेजी असायची. बिजली त्या वासाने परत येते, असं माझं निदान. तेव्हापासून भाऊ पिशवी लांब झाडाला टांगू लागले. बिजली झाडाकडे गेलीच नाही, भाऊंच्याच पुढ्यात बसली. मी म्हटलं, लाडावली आहे.

दुसरी गोष्ट. भाऊ तापाने आडवे होते, तेव्हा एका वनरक्षकाने तिला मडक्यांवरून फिरवलं. बिजली सातव्या मडक्यापाशी गेली आणि टुणकन बसली. तुकडा सातव्याखालीच होता. त्याने तिला पुन्हा फिरवलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्ही सगळे म्हणालो, तुक्का लागला.

शिकलेली बाई मी. कुत्र्याचं नाक माणसाच्या किती पट तेज असतं, हे परीक्षेत लिहून पास झालेली.

नऊ महिने झाले आणि वरून साहेब आले. त्या दिवशी बिजली पास झाली नाही तर तिला पथकातून काढायचं, असं ठरलं होतं. उमरेडकडच्या एकाने तिला शेतावर रानडुकरं हाकलायला मागितलीच होती. जन्मभर खुंट्याला साखळीने बांधून ठेवणार होता. माझा अहवाल मी सकाळीच सही करून दिला होता: "प्रकृती उत्तम. वासाच्या कामास अयोग्य."

तीन संधी होत्या. पहिल्या दोन्ही वेळा बिजली मान वळवून परत आली आणि भाऊंच्या पुढ्यात बसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या वेळी भाऊ उकिडवे बसले. छातीवर हात ठेवला. "चाल वं माय." बिजली चालली, पहिलं मडकं हुंगलं, वळली. पण यावेळी नुसती बसली नाही. त्यांच्या तळव्याखाली तिने नाक खुपसलं, हात बाजूला सारला, शर्टावर नाक दाबलं. मग दोन पावलं मागे सरून अगदी शिकवल्याबरहुकूम बसली.

"झालं," साहेब म्हणाले. "काढून टाका हिला." खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

भाऊ उठले नाहीत. मी चार हातांवर उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. चक्कर आली असं वाटून मी पुढे झाले. साहेब पाठ फिरवून जीपकडे निघाले होते. भाऊ गप्प बसले असते तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं आणि त्यांची उरलेली वर्षंही सुखाने गेली असती.

"साहेब, थांबा. पोरगी चुकली नाई."

त्यांनी दुसरी गुंडी काढली आणि गळ्यातून काळा दोरा ओढून बाहेर काढला. दोऱ्याच्या टोकाला चांदीत मढवलेलं, पिवळं पडलेलं वाघनख होतं.

साहेब जीपकडून परत आले.  बिजली शेपटी हलवत होती.

"नऊ महिने बरोबर सांगून राहिली होती," भाऊ म्हणाले. "मीच ऐकत नव्हतो."

आई गेल्यावर तिच्या पेटीत ते सापडलं होतं. मुलाला वाचा फुटावी म्हणून तिने लहानपणी त्यांच्या गळ्यात बांधलेलं. त्यांनी ते आठवण म्हणून घातलं आणि घालून रोज वाघाची नखं शोधायला शिकवत राहिले.

"भाऊ, तुम्हाला?" मी कशीबशी म्हणाले. "तुम्हाला कळलं नाही?"

"मले ते वाघाचं वाटलंच नाई, मॅडम," ते म्हणाले. "मले ते मायचं वाटे."

मग त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. नख साहेबांच्या हातात दिलं, झाडाकडे गेले, पिशवी आणली आणि सगळी कलेजी बिजलीपुढे रिकामी केली.  "शाब्बास वं माय, शाब्बास," म्हणत राहिले. वास बरोबर दाखवला की तिथल्या तिथे बक्षीस द्यायचं, हा त्यांचाच नियम. साहेबांना पंचनाम्यात कोणतं कलम लिहायचं, तेही त्यांनीच सांगितलं.

पंच म्हणून माझी सही घेतली. बिजलीला नाक नाही म्हणणारा अहवाल आणि तिनेच नख शोधलं असं सांगणारा पंचनामा त्या फाइलीत पाठोपाठ लावले आहेत. तारीख एकच आहे आणि दोन्हीखाली सही माझी आहे.

भाऊ निलंबित झाले, केस सुरू झाली. ते पुन्हा कधी मैदानावर आले नाहीत. बिजली पथकात राहिली. दुसऱ्या माणसाबरोबर ती पहिल्याच आठवड्यात दहापैकी दहा वेळा योग्य मडक्यापाशी बसली.

गेल्या महिन्यात तिने पहिली खरी कामगिरी केली. एका ट्रकच्या फळीखालून अख्खं कातडं काढून दिलं. मी त्यांना फोन लावला. कितीतरी वेळ पलीकडून आवाज आला नाही. फोन कटला असं समजून मी "भाऊ? भाऊ?" करत राहिले.

"घाई काहून करता, मॅडम," ते म्हणाले.  "ऐकून राहिलो मी."

आणि मग विचारलं, "कलेजी देली ना तिले? तिथल्या तिथंच?"