काकाचा होकार

माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, पंचवीसएक वर्षं दुबईत ड्राफ्ट्समन होता. लग्न त्याने केलं नाही. बाबा लवकर गेले, माझं शिक्षण त्यानेच केलं, आणि लग्न होऊन मी दुबईला आले तेव्हा विमानतळावर नवऱ्याच्या आधी मला तोच दिसला. दर शुक्रवारी तो अल क्वोजच्या कंपनीच्या खोलीवरून दोन बस बदलून आमच्याकडे अल कुसैसला जेवायला यायचा. येताना मासे आणायचा, स्वतःच साफ करायचा. जेवण झालं की पाय पसरून घराविषयी बोलायचा.

घर म्हणजे गुहागरजवळ, खाडीच्या वरच्या अंगाला त्याने बांधलेलं चिऱ्याचं घर. ते सुट्टीसुट्टीने उभं राहिलं. एका सुट्टीत जोतं, पुढच्या सुट्टीत भिंती, मग पैसे साठेपर्यंत काहीच नाही. नकाशा त्याने स्वतः काढला होता आणि दर वर्षी त्यात काहीतरी बदलायचा. माझा नवरा त्याला चिडवायचा, की राहणार एकटे आणि खोल्या चार कशाला? काका म्हणायचा, एक माझी, एक तुमची, एक तुमच्या छोटीची, आणि चौथीत येईल कोणीतरी. घर पुरं झाल्यावर तो तिथे सलग पंधरा दिवससुद्धा राहिला नव्हता. राहायला आयुष्य पडलंय, असं म्हणायचा.

दोन हजार आठ संपता संपता इथली कामं थांबली. काकाच्या ऑफिसात रोज कोणाला तरी केबिनमध्ये बोलवायचे आणि तो माणूस बाहेर येऊन टेबल आवरायला लागायचा. नव्या वर्षात काकाची पाळी आली. त्या शुक्रवारी तो येईपर्यंत आम्ही दोघं धास्तावलो होतो. पण तो आला तो पापलेट घेऊन, आणि दारातच म्हणाला, "खलास. आता घरी."

दुसरी नोकरी शोधायचीच नव्हती त्याला. पुढचे काही दिवस तो खरेदी करत फिरला. नळ, दाराच्या कड्या, मोरीत बसवायच्या फरश्या. सगळी खोकी आमच्या बाल्कनीत येऊन पडली, कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

तिकीट काढायचं त्याच आठवड्यात मला ऑफिसात फोन आला. काकाच्या खोलीतला मल्याळी माणूस हिंदीत सांगत होता, अंकल बाथरूममध्ये पडले, उठत नाहीत.

उजवी बाजू गेली. वाचाही गेली. हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस तो नुसता आमच्याकडे बघत राही. मग एका सकाळी मी त्याचं तोंड पुसत असताना तो स्पष्ट म्हणाला, "बरं." मी नर्सला हाक मारली, नवऱ्याला फोन केला, मला वाटलं आता वाचा परत आली. पण तो एकच शब्द आला होता. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना बरंचसं समजतं, पण त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका. मान हलवतात तीही कधी उलटी हलते.

आमच्या वन बेडरूममध्ये हॉलमध्ये त्याचा पलंग टाकला. कंपनीचा व्हिसा रद्द झालेला. मुलीने वडील आणले तर निदान अर्ज करता येतो, चुलत्याला इथे कायमचं ठेवायची सोयच नाही. व्हिजिट व्हिसावर जितकं निभेल तितकंच. त्यात नवऱ्याचा पगार कापला गेला होता आणि घरभाडं माझ्या नोकरीवर चाललं होतं. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती शाळेतून आली की काकाआजोबांना खेळण्यातले पत्ते दाखवायची आणि संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायची, "ही सेड बरं टू ऑल ऑफ देम, आई."

गावी माझा एक लांबचा चुलतभाऊ होता. त्याच्याशी मी तीनचारदा बोलले. तो भला माणूस, स्पष्ट बोलला. म्हणाला, घर आहे, मी येऊन-जाऊन बघेन, पण उचलायला-बसवायला माणूस मिळत नाही, व्यायाम करून घेणारा चिपळूणशिवाय नाही, आणि रात्री काही झालं तर खाडी ओलांडून कोण नेणार? पुण्यात एक संस्था होती, अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी. तिथला महिन्याचा खर्च नवऱ्याने आधी दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत करून सांगितला. दोन्हीकडून तो आमच्या आवाक्याबाहेर होता. काकाचं जे साठलं होतं ते घरातच गेलं होतं. म्हणजे काकाकडे होतं ते घरच.

नवरा विकू या म्हणाला नाही. ते मीच म्हणाले, स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होत असताना, हॉलमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून.

पण त्याला न विचारता कसं करणार? मी पलंगाशी बसले आणि सगळं नीट सांगितलं. शेवटी विचारलं, "काका, घर विकू या का?"

"बरं," तो म्हणाला.

मी उलटं विचारलं. "की नको विकू या? राहू दे?"

"बरं."

गिऱ्हाईक आम्हाला इथेच मिळालं. शारजात गाड्यांच्या पार्ट्सचा धंदा करणारे एक गृहस्थ, मूळचे काकाच्याच तालुक्यातले. आईला जिने चढवत नाहीत म्हणून गावाकडे बैठं घर बघत होते. त्यांनी माणूस पाठवून घर पाहिलं होतं, किंमत ठरली होती, तरी ते म्हणाले की मला चाचांना भेटायचंय. एका शुक्रवारी खजूर घेऊन आले आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

"चाचा," ते म्हणाले, "तुमची मर्जी नसंल तर मी घेनार नाय. माझा घर मी दुसरा बघीन."

काकाने बरं म्हटलं नाही. तो डावा हात उचलून त्यांच्या खिशातल्या पेनाकडे दाखवायला लागला. मला आधी कळेचना. मुलीने तिची चित्रकलेची वही आणली, मी ती त्याच्या मांडीवर धरली.

डाव्या हाताने तो काढायला लागला. आयुष्यभर ज्याच्या रेषेत केसाचा फरक नव्हता, त्याच्या रेषा थरथरत होत्या, एकमेकींना छेदून पुढे जात होत्या. पण घर ओळखू येत होतं. चार भिंती, पुढची पडवी, मागची मोरी. मग तो घराबाहेर गेला. विहिरीचा गोल काढला, तिथून जोत्याखालून मोरीपर्यंत पाण्याची लाइन काढली, आणि मध्ये एके ठिकाणी फुली मारली. त्या गृहस्थांनी विचारलं, इथे जोड आहे का? काकाने मान हलवली. मग संडासाची टाकी. मग मागच्या खोलीचा कोपरा त्याने पुन्हा पुन्हा गिरवला, आणि त्यावर थेंब काढले.

"इथं गळतो?"

"बरं," काका म्हणाला.

ते गृहस्थ उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. जाताना त्यांनी तो कागद मागितला. मला तो हवा होता. पण लाइन कुठून गेली ते आता त्यांनाच लागणार होतं. मी कागद नीट फाडून त्यांना दिला. बाल्कनीतली खोकीही त्यांनीच नेली.

त्या दिवशी काकाने काही खाल्लं नाही. मी माशाचं सार भरवायला गेले तर ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी खाल्लं.

मुखत्यारपत्रासाठी त्याला व्हीलचेअरवरून कॉन्सुलेटमध्ये नेलं. सही होत नव्हती, अंगठा लावायचा ठरला. मी संकोचून म्हटलं की उजवा हात चालत नाही. खिडकीतला माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, मॅडम, पुरुषांचा डावाच लागतो. शाई पुसायला मी रुमाल काढला तर काकाने हात मागे घेतला आणि घरी येईपर्यंत तो निळा अंगठा तसाच मांडीवर ठेवला.

पुण्याची जागा चांगली होती. स्वच्छ होती, माणसं मायेची होती, व्यायाम नेमाने होत होता. मी वर्षाच्या सुट्टीत गेले तेव्हा तो काठी धरून दारापर्यंत चालून आला. त्या गृहस्थांनी निरोप पाठवला होता की चाचांना कधीही घेऊन या. मी गाडी ठरवते म्हटलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

दुसरा पावसाळा लागायच्या आधी तो झोपेतच गेला. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. अस्थी घेऊन आम्ही गावी गेलो, खाडीत सोडल्या. वर घराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्या गृहस्थांची बायको खाली वाटेवर येऊन उभी राहिली होती. पडवीत बसवून तिने चहा दिला. तिची सासू आत पलंगावर पडून होती, कोणाला तरी हाका मारत होती. घर भरलेलं होतं. ती म्हणाली, आत येऊन बघा ना. मला उठवलं नाही.

घराचे पैसे निम्म्याहून जास्त तसेच राहिले होते. हे कोणाला सांगायचं, आणि सांगून काय करायचं? नवरा म्हणाला की वीस वर्षं जगले असते तर हेच पैसे पुरले नसते, तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं. तो बरोबरच बोलत होता. तरी गाडीत बसून मी हिशेब करत राहिले, की थोडे दिवस इकडून तिकडून उसने घेतले असते तर निभलं असतं का. निभलं असतं. म्हणजे तो परक्या गावात, पण घराचा मालक म्हणून गेला असता.

इथे पुढे कामं पुन्हा सुरू झाली. नवऱ्याचा पगार पूर्ववत झाला. गेल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमधली एक मैत्रीण आली. तिची सासू मुलुंडला, आठवण गेलेली. फ्लॅट विकून कुठे ठेवावं का, तुम्ही केलं होतं ना तसं, असं ती विचारत होती. मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मी एवढंच म्हटलं, की सासूबाईंना विचारलंस का.

"त्यांना काय कळतंय आता," ती म्हणाली.

"तरी विचार," मी म्हटलं. "शेजारी बसून विचार."