ठकीआजीच्या नवऱ्याचं नाव

सुनिल पहिल्यांदा ठकीआजीकडे गेला, तेव्हा तिच्या कोंबड्याने त्याला पाड्याच्या तोंडाशीच अडवलं. कोंबडा केवढा, तर तलासरी नाक्यावर उभा केला असता तर गुजरातचे ट्रक परत फिरले असते. सुनिल कूळ शेतकरी पक्षाचा तालुका चिटणीस. तीन निवडणुका आणि दोन लाठीमार पचवलेला. तो अर्धा तास आंब्यावर बसून राहिला. शेवटी आजीने कोंबडा काखेत मारला आणि वर बघत विचारलं, "मत मागायला आलास? मग तिथनंच बोल."

मत नको होतं. २०१६ साली पक्षाला सत्तर वर्षं होत होती, आणि जमीनदाराची वेठ नाकारणाऱ्यांची पुस्तिका निघणार होती. ठकीआजीचा नवरा त्यातला पहिला. बैलाच्या जागी गाडीला जुंपल्यावर जू खाली टाकून चालता झालेला. आजीने सगळं सांगितलं. घरी येऊन तो पेज पिताना किती थरथरत होता, तेसुद्धा.

"नाव काय त्यांचं?"

आजीने तोंड फिरवलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, मेल्यावरही नाही. सुनिल सुनेकडे वळला. "सरिताताई, तुम्ही तरी सांगा."

"सासऱ्याचं नाव? भाऊ, तुम्ही आंब्यावरच बरे होता."

मुलगा चिमण गुजरातच्या बोटीवर, समुद्रात. शेवटी आजीने निवडणुकीचं कार्ड पुढे केलं. पतीचं नाव: चिमण. बापलेकांचं नाव एकच कसं, हा प्रश्न सुनिलला पडायला हवा होता. पण पुस्तिका छापखान्यात थांबली होती. त्याने उतरवून घेतलं.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या. चिमण घरी आला, पुस्तिका वाचून हसत सुटला. "आये, जन्माच्या सतरा वर्षं आधी मी वेठ नाकारली!" कार्ड काढताना कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा 'हा सांगेल' म्हणून आजीने चिमणकडे बोट दाखवलं होतं. कारकुनाने चिमणलाच नवरा करून टाकलं.

पाडा हसला. आजीने एवढंच विचारलं, "म्हणजे तो पुस्तकात नाही?"

दुसऱ्या दिवशी ती चार कोस चालत तलासरीच्या कार्यालयात आली. बैठक भरली होती, चाळीस माणसं. आजी मधोमध उभी राहिली, पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "लहान्या." मग मटकन खाली बसली. एरवी मयतातही कोटी करणारा सुनिल उठून तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"दुसऱ्या आवृत्तीत पहिलंच नाव त्यांचं, आजी."

"छाप बाबा. एवढं पाप केलंय मी, ते फुकट नको जायला."

त्यानंतर दर बैठकीला ती येऊन दाराशी बसायची. कधी काही विचारायची नाही. सुनिल मागच्या दाराने निघू लागला. २०१८ मध्ये पक्ष फुटला, आणि लाल झेंड्याचा बांबू कोणत्या गटाचा, यावर तीन बैठका झाल्या. पुस्तिकेचा विषय एकदाही निघाला नाही.

ठकीआजी २०१९च्या मार्चमध्ये गेली. दुसरी आवृत्ती निघाली नाही.