चालू न होणारा संगणक आणि सांडोरच्या बाई

वसईला मी फौजदार असतानाची, ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही हकिगत. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण या साध्या तक्रारीइतकं दुसऱ्या कुठल्याच प्रकरणाने मला शिकवलं नाही.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात पूर्वेकडच्या औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार तावातावाने आत आले. त्यांच्या ऑफिसातला संगणक चालू होत नव्हता. साच्यांचे सगळे नकाशे त्यात होते. ते मिळाले नाहीत, तर परदेशातली ऑर्डर हातची जाणार होती.

"माझा जुना ऑपरेटर भांडून नोकरी सोडून गेला. जाताना त्यानेच मशीन बिघडवलं आणि नकाशे पळवले," ते म्हणाले. "त्याला आत टाका."

हा ऑपरेटर पाचूबंदरच्या कोळी कुटुंबातला तरुण. त्याला आखातात नोकरी लागली होती आणि पासपोर्टच्या चौकशीचा त्याचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. चोरीचा गुन्हा दाखल झाला की त्याची ती वाट बंद होणार, हे उघड होतं.

त्याला बोलावलं. सोबत वडीलही आले.

मी तोच प्रश्न उलटसुलट विचारून पाहिला. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस न विचारताच आपण त्या दिवशी कुठे होतो ते सांगू लागतो. हा मात्र एकच विचारत राहिला, "सर, चालू करताना पडद्यावर काय येतं?"

वडील म्हणाले, "साहेब, कोनाची वस्तू मोडायची आमच्यात रीत नाय. पन यानं केलं असंल, तर मीच त्याला तुमच्या हवाली करीन."

माझे हवालदार जवळच्याच सांडोर गावचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या आळीत एक बाई आहेत. मुंबईला संगणकाच्या कंपनीत इंजिनीअर. बाळंतपणाच्या रजेवर माहेरी आल्यात. त्यांना विचारू या का?"

आम्ही जीप काढली. बाई ओटीवर बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी बाळ आपल्या आईकडे दिलं आणि विचारलं, "डिस्क कोणी पुसली तर नाही ना?"

कारखान्यात नेमकी तीच तयारी चालली होती. मेकॅनिक सगळं पुसून नव्याने भरणार होता. बाईंनी त्याला थांबवलं. "पुसलं तर मशीन चालू होईल, पण नकाशे जातील. आणि काय घडलं होतं, ते कधीच कळणार नाही."

पंचांसमोर डिस्क काढून घेतली. जवळच्या एका शाळेत चालू संगणक होता. बाईंनी ही आजारी डिस्क त्याला जोडली. तो संगणक स्वतःच्या डिस्कवरून सुरू झाला आणि आमची डिस्क नुसती वाचू लागला. पडद्यावर एकेक नकाशा दिसायला लागला, तसे कारखानदार खुर्ची पुढे ओढून ते मोजू लागले. बाईंनी आधी नकाशे फ्लॉप्यांवर उतरवून घेतले, मगच दुरुस्तीकडे वळल्या.

"सुरू होताना मशीन डिस्कच्या अगदी पहिल्या भागातली सूचना वाचतं," त्यांनी मला समजावलं. "त्या जागी दुसराच प्रोग्राम घुसून बसलाय. फ्लॉपीतून येतात असले."

"म्हणजे त्या पोराने जाताना बसवला?"

"ते डिस्क सांगत नाही, साहेब. यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आहे. तारखेवरून तो खेळ ऑपरेटर गेल्यानंतर उतरवलेला दिसतो. पण संगणकाचं घड्याळ बरोबर होतं का, आणि खेळ कोणी उतरवला, हे तुम्ही शोधायचं. मला जेवढं दिसतं तेवढंच मी लिहून देईन."

त्यांनी मूळ सूचना जागेवर बसवल्या. डिस्क कारखान्यात परत जोडली आणि संगणक सुरळीत सुरू झाला. घड्याळही बरोबर निघालं, म्हणजे ऑपरेटर गेल्यानंतरही मशीन चालत होतं.

मग माझं काम सोपं होतं. रखवालदाराला विचारलं, तर कळलं, की रविवारी मालकांचे कॉलेजात शिकणारे चिरंजीव ऑफिस उघडून बसत. मुलाला ठाण्यात बोलावून, त्याच्या वडिलांसमोर बसवून, आवाज न चढवता विचारलं. मुलगा रडवेला झाला. "मित्राची फ्लॉपी होती, सर. मी फक्त खेळत होतो. तिच्यात असलं काही असेल हे मला माहीत नव्हतं."

कारखानदार उठले. बाहेर बाकावर बसलेल्या ऑपरेटरच्या वडिलांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या, शेठ," म्हातारा म्हणाला. "तुमचाबी पोरगाच हाय."

पासपोर्टच्या कागदावर मी त्याच दिवशी सही केली. आखातात जाईपर्यंत तो तरुण सांडोरला बाईंच्या ओटीवर जाऊन हे काम शिकत होता, असं पुढे हवालदारांकडून कळलं.

त्या बाईंबद्दलचा आदर माझ्या मनात आजही तितकाच आहे. यंत्र त्यांनी दुरुस्त केलं, ते कौशल्य मोठंच. पण मी मला हवं ते उत्तर त्यांच्या तोंडी घालू पाहत होतो, तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत. पुढे कितीतरी पंचनामे लिहिताना दिसलेलं आणि वाटलेलं यांत मी फरक करू लागलो, आणि वाटलेलं खोडून टाकताना माझा हात कधी अडखळला नाही.