माझी आई राजवाड्यात नव्हती

"अक्काची आई आमच्याकडे स्वयंपाकाला होती."

रघू हे तीस माणसांसमोर म्हणाला. इंग्रजीत म्हणाला. मग माझ्याकडे हात करून हसला. तीसही माणसं वळून माझ्याकडे बघत हसली. एका मुलीने हात जोडले. दोघांनी मोबाईल वर धरले. मी पाण्याचा ग्लास धरून उभी होते. मीही हसले.

ते हसू मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

रविवारची संध्याकाळ होती. या तमिळ शहराच्या तिरुवल्लिकेणी भागातली आमची जुनी गल्ली. आता तिथे लोक पैसे भरून फिरायला येतात. पुढे रघू, मागे घोळका. इस्त्रीवाल्याच्या जागी हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे, आत साडी एकच टांगलेली असते. गिरणीत सुवासिक मेणबत्त्या मिळतात. ज्या मॅन्शनमध्ये एकेका खोलीत चार-चार ब्रह्मचारी कारकून राहायचे, त्याचं हॉटेल झालंय. गच्चीवर दिव्यांच्या माळा आणि गिटार. आणि तळमजल्यावर, जिथे माझ्या आईची मेस होती, तिथे रघूचं कॅफे. दोन खोल्यांमधली भिंत पाडलीय. उरलेल्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे.

फोटो मीच दिला होता. मजकूरही मीच लिहून दिला होता.

आईला जाऊन आठ महिने झालेत. रघू दहाव्याला आला तेव्हा रडला होता. "अक्का, मावशीवर तू लिही. मी भिंतीवर लावतो. सगळ्या शहराने वाचू दे." मी तांबरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लिहायची सवय आहे, पण हात सावकाश चालतो. दोनशे शब्दांना मला तीन आठवडे लागले. पहिलं वाक्य लिहायलाच नऊ दिवस गेले. ते असं होतं : "सखूबाई बीडकडच्या एका खेड्यातून आली, ती मातंग होती, आणि या खोलीत तिने सव्वीस वर्षं परक्या मुलांना जेवू घातलं."

भिंतीवर हे नव्हतं. भिंतीवर होतं : तंजावरच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आमच्या घराण्याकडे आलेल्या पाककृती, आमच्या विश्वासू राव अम्माच्या हातच्या.

विश्वासू.

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

माझे बाबा लष्करी कारखान्यात कंत्राटावर मजूर होते. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची. आईने ही खोली भाड्याने घेतली आणि दोन बाकं टाकून मेस सुरू केली. या शहरात मराठी बोलणारा तो राव, अशी समजूत. जात कुणी विचारलीच नाही. आई आपोआप राव अम्मा झाली. तिने ते नाव मागितलं नव्हतं, आणि नाकारलंही नाही.

पण समोरच्या घरात रघूची आई होती. तंजावरकडची, पिढ्यान्पिढ्या इथली. तिची मराठी जुनी, वाक्याच्या शेवटी तमिळसारखी वर जाणारी. ती आईला म्हणाली, "तुम्ही आपल्यातल्या वाटतें." या शहरात आल्यापासून पाच वर्षांत बाहेरच्या बाईच्या तोंडून आईने मराठी ऐकली नव्हती. ती भुलली. भाषा एक म्हणजे माणसं एक, असं तिला वाटलं. तिने सगळं सांगून टाकलं. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, सासरे लग्नात हलगी वाजवायचे तेही सांगितलं. हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाई आईशी तमिळमध्ये बोलायला लागली.

नवरात्रात त्यांच्याकडे पायऱ्या मांडून बाहुल्यांचा गोलू असायचा. गल्लीतल्या सगळ्या मुली आत जाऊन गाणं म्हणायच्या. मला दारातच पुडीत सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, मिळायचं. आईने एका वर्षी डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. रघूच्या आईने त्या चिमट्याने स्वतःच्या ताटात काढल्या. डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात साखर घातली आणि मला परत दिला. रीत पाळली. अर्ध्या तासाने गल्लीतली गाय त्या पोळ्या खात होती. मी आईला सांगितलं नाही. आई म्हणाली, "बघ, साखर घातलीय. मनाची चांगली आहे."

हे रघूने पाहिलं होतं. तो सात वर्षांचा, मी नऊ. तो म्हणाला, "अक्का, पुढच्या वेळी मला दे. मी खातो." आणि त्या दिवसापासून तो खरंच आमच्याकडे खायला लागला. रोज. शाळेतून मागच्या दाराने. आईची येसर आमटी त्याला इतकी आवडायची की तो वाटी बोटाने पुसायचा. घरी काही सांगायचं नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलेलं. मी त्याला भाऊ मानलं ते त्या वाटीमुळे.

म्हणून भिंतीवरचं वाचल्यावर मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"आईचं नाव कुठंय?"

"राव अम्मा लिहिलंय की. सगळे तेच म्हणायचे." मग आवाज मऊ करून, "तू पण कॉलेजात राव मॅडमच ना, अक्का?"

हे खरं होतं. नोकरीच्या कागदांवर माझं खरं आडनाव आहे. स्टाफरूममध्ये मी राव मॅडम आहे. वीस वर्षं. दुरुस्त केलं नाही.

"तुमच्या घरी ती स्वयंपाकाला कधी होती? तुमचा उंबरा ओलांडला का कधी तिने?"

"अय्यो, एवढं काय. लोकांना गोष्ट लागते. मावशीला मी मोठंच केलं ना? राजवाड्यापर्यंत नेलं."

"माझं पहिलं वाक्य काढलंस."

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "ते लावलं तर इथे कोण जेवेल? माझी आई उद्घाटनाला आली होती, तेव्हा भिंत कोरी होती. इथेच बसून जेवली."

"काय जेवली?"

"येसर." तो जवळ सरकला. "दोनदा मागून घेतली. तिला कुणाची ते सांगितलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर गंमत होती. मी त्या गमतीत सामील होईन, असं त्याला वाटत होतं. लहानपणी तिघांनी ठरवलेलं गुपित त्याने इतकी वर्षं जपलं होतं. मला आत्ता कळलं, ते आमच्यासाठी नव्हतं. ते त्याच्यासाठी होतं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली. "मॅडम, अम्मांबद्दल दोन शब्द बोला ना."

मी बोलले. तमिळमध्ये, कारण मी त्याच भाषेत शिकले. आईचं नाव सांगितलं. जात सांगितली. ती कुणाच्या घरी स्वयंपाकाला नव्हती, ही मेस तिची होती, हे सांगितलं. पुरणपोळ्यांचं सांगितलं. रघू मागच्या दाराने यायचा तेही सांगितलं.

मोबाईल खाली आले. हात जोडणारी मुलगी जमिनीकडे बघत होती. एक जण इंग्रजीत म्हणाला, "किती इंटरेस्टिंग." आणि कोपऱ्यातल्या वयस्क गृहस्थांनी चमचा ठेवला. ताट दोन बोटं पुढे सरकवलं. फार हळू. कुणाला कळू नये असं. मला कळलं. ते ओळखण्यात माझं बालपण गेलंय.

मी फोटो खिळ्यावरून काढला. रघू म्हणाला, "अक्का, तू माझं वाटोळं केलंस." मी फोटो घेऊन निघाले.

त्यानंतर त्याचे निरोप आले. नाव लावतो म्हणाला. सखूबाई असं मोठ्या अक्षरांत लावतो, फोटो परत दे. फक्त ते एक वाक्य नको. मी लिहिलं : वाक्य नसेल तर आई नाही.

सोमवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा पुढे करत म्हणालं, "राव मॅडम." मी म्हणाले, "माझं आडनाव राव नाही." ते काय आहे ते सांगितलं, आम्ही कोण तेही सांगितलं. चहा घेतला आणि तिथेच बसून प्यायले.

मजकूर आता मी नव्याने लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे आणि तमिळमध्येही. दोनशे शब्दांत मावणार नाही. पहिल्या वाक्यात आईची जात राहील. दुसऱ्यात समोरच्या घराची. हसले होते ते माझं हसूही त्यात येईल. कुणी छापो, न छापो. छापणाऱ्याने सगळं छापायचं. यापुढे माझ्या आईमधून एक शब्दही कुणाला काढू देणार नाही.