बिबीजानची गाठ

प्लेग ओसरून काही वर्षं झाली होती. शाहू महाराजांच्या राज्यात, कोल्हापूरच्या गंगावेशीला बिबीजान राहायची. नवरा गौस कापूस पिंजायचा, ती गाद्या शिवायची. कापड विरलं तरी तिचा टाका उसवत नसे.

उजव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प राहिली. वरची कातडी आत ओढली गेली तेव्हा भेदरली. गौसनं हकिमाचा जाळणारा लेप आणला. कातडी जळाली, गाठ तशीच. जखमेला घाण सुटली. गादीचं काम सांगायला येणाऱ्या बायका उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागल्या.

मग थोरली लेक रशिदा तिला दवाखान्यात घेऊन गेली. गौसही मागोमाग आला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या बाहेर जाऊन हळू आवाजात गौसला सांगायला लागल्या.

आतून बिबीजान ओरडली, "बाईसाहेब, गाठ माझी हाय की! मला सांगा."

बाई आत येऊन तिच्यासमोर बसल्या. "कर्करोग आहे. छाती काढायची, काखेतल्या गाठींसकट. भूल देऊ, तेव्हा कळणार नाही. पण जखम चिघळली तर त्यातही जीव जाऊ शकतो."

"न्हाई काढली तर?"

"वाढत जाईल."

"काढली तर बरी हुईन?"

"काखेत पसरलाय. परत येईल असंच वाटतं."

"दुसरं औषध?"

"नाही. दुखणं वाढलं की अफू देता येते. त्यानं झोप लागते, रोग जात नाही."

"आन् ही घाण?"

"जखमेसकट काढू. काही महिने तरी जाईल."

घरी गौस म्हणाला, "बाई मरणाचंच बोलती. आपण दुसरा हकीम बघू."

"ती खरं बोलली," बिबीजान म्हणाली. "मला कापून घ्यायचंय. माणसं जवळ तरी बसतील."

छाती काढली. जखम भरली, वास गेला. बायका पुन्हा अंथरुणाला टेकून बसायला लागल्या, बिबीजान त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलायची. पण उजवा हात सुजून जड झाला होता. सुई धरवेना. शिवण रशिदाकडे गेलं.

उन्हाळ्यात व्रणावर बाजरीएवढे दाणे उठले. ती दवाखान्यात गेली.

"आली न्हवं परत?"

"आली," बाई म्हणाल्या. "आता कापण्यात अर्थ नाही."

बिबीजाननं अफू मागून घेतली. गौस रोज तिच्या सुजलेल्या हाताला खोबरेल चोळायचा. त्यानं काही होत नाही, हे तिला माहीत होतं; पण ती हात पुढं करायची. शेवटी अफूही पुरेना. ती कण्हायची आणि गौस पिंजण बंद ठेवून भिंतीला टेकून बसायचा. बकरी ईदच्या आधी ती गेली.

मयत पोचवून आल्यावर गौस म्हणाला, "कापून घेतलं नसतं तर..."

"तर काय, अब्बा?" रशिदानं विचारलं.

गौसनं खोबरेलाची वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.