पंचेचाळीस दाते

दीड महिन्यापूर्वी, सकाळी कॉलेज भरायच्या वेळेला मला फोन आला. अक्का प्रयोगशाळेत टेबलं मांडता मांडता खाली बसली आणि उठलीच नाही… अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शारदा. जामबागच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तिनं सव्वीस वर्षं नोकरी केली. भेटायला येणाऱ्यांतले निम्मे मला विचारत होते, "मोटारसायकलवाल्या मॅडम त्याच ना?"

ती मोटारसायकल भाऊजींची. ते गेल्यावर दोन वर्षं अंगणात झाकून पडली होती. मग तिच्याजवळ राहणाऱ्या मायचे गुडघे धरले, दर गुरुवारी तिला व्यायामोपचाराला न्यायची वेळ आली. विद्यानगरमागची आमची गल्ली चांगलीच चढाची. ऑटोवाले खालीच उतरवायचे आणि तेवढा चढ मायला पायी जमत नव्हता. मी शहरातच, दिलसुखनगरला राहतो, माझ्याकडे कार आहे. 'मी नेत जाईन' असं मीच म्हणालो होतो. दोन गुरुवार गेलो. मग ऑफिस, मग मुलीचे क्लास… शेवटी पन्नाशीला आलेल्या अक्कानं भाऊजींची गाडी बाहेर काढली आणि शिकून घेतली.

एकदा परतताना मायला मागे घेऊन चढावर गाडीचा दम संपला. बंद पडली, मागे सरकली आणि दोघी आडव्या झाल्या. मायचं कोपर सोललं. संध्याकाळी मी तणतणत गेलो.

"विकून टाक ही गाडी, अक्का. मायला काही झालं असतं म्हणजे?"

ती मायच्या कोपराला मलम लावत होती. वर न बघताच म्हणाली, "विकते. येत्या गुरुवारी तू येतोस का?"

मी मलमाचं झाकण लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे ज्या दातेरी चकतीवरून चेन फिरते तिचे दाते मोजले. बेचाळीस भरले. मग कोठी भागातल्या मेकॅनिककडे जाऊन पंचेचाळीस दात्यांची चकती मागितली. तो समजावायला लागला, "मॅडम, इस्पीड कम हो जाती."

"इस्पीड नक्को भाई, चढाव होना," अक्का म्हणाली.

मोठी चकती बसली, चेनच्या कड्या वाढवाव्या लागल्या. मोकळ्या रस्त्यावर गाडी आता लवकर ओरडायची, पेट्रोलही जरा जास्त प्यायची, पण मायला घेऊन तो चढ एका दमात चढायची. हे सगळं अक्कानं मला फोनवर सांगितलं, अगदी खुशीत. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पुढची चार वर्षं तिचा एकही गुरुवार चुकला नाही, आणि मला तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

अक्का गेल्यावर तिसऱ्या गुरुवारी मी कार घेऊन गेलो. माय दारातच बसली होती. म्हणाली, "कार राहू दे. तिची गाडी काढ."

मी कितीतरी वर्षांत मोटारसायकल चालवली नव्हती. जाताना उतार होता, निभावलं. परतताना गल्लीच्या तोंडाशी आलो, समोर चढ दिसला आणि मी हँडल आवळून धरलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मागून मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शारदा हितं पहिला टाकती," ती म्हणाली.

मी पहिला टाकला.