देवाच्या वाटणीची चपाती

आमच्या भैरोबाची सत्ता आमच्या भाजे गावच्या शिवेपर्यंत, असं लहानपणापासून मनावर ठसलेलं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर ग्रीस देशात उतरलो तेव्हा एकच घोर लागला होता, इथं आपली राखण करणार कोण? जर्मन निघून गेले होते आणि तिथली माणसं आता आपसांतच एकमेकांच्या जिवावर उठली होती. गोळी कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नव्हता. मळवलीच्या स्टेशनावर निरोप देताना आईनं मात्र बजावलं होतं, "जितं पाल ठोकशील, तितल्या देवाला आदी घास ठेव. वळखीचा नसंना का."

छावणीतले ते दिवस आठवले की हसू येतं आणि गलबलूनही येतं. सकाळी बिगूल, मग माझ्या राणी खेचरीचा खरारा, हजेरी, बुटांना पॉलिश. थंडी अशी की लोणावळ्याच्या थंडीनं तिच्यापुढे पाणी भरावं. लंगरात ऑलिव्हच्या लाकडाचा धूर, पत्र्याच्या मगातला गोडमिट्ट चहा, आणि मावळातल्या भाताच्या आठवणीनं कासावीस झालेला जीव. लंगरातला आचारी तव्यावरची पहिली चपाती माझ्या हातावर टाकायचा. ती मी छावणीबाहेरच्या एका जुन्या ऑलिव्हच्या बुंध्याशी ठेवायचो. नवलाख उंबरे गावचा सखाराम माझा तंबूतला सोबती, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. म्हणायचा, "आरं, तुज्या देवापायी हितली कुत्री लय माजली!" मी वरवर हसायचो. चपाती रोज नाहीशी व्हायची, पण कोण नेतं हे बघायचा धीर होत नव्हता. खरंच कुत्रं निघालं असतं तर माझ्यापाशी काय उरलं असतं?

एका सकाळी राणीला घेऊन विहिरीवर पाण्याला निघालो. वाट त्या झाडाखालूनच जायची. तोच झाडाआडून काळ्या कपड्यातली एक म्हातारी धावत आली आणि तिनं राणीचं दावं धरलं. बाई म्हणजे नुसता हाडांचा सापळा. मी ओढतोय, ती सोडेना.

"आजी, सोडा की वो! कशापायी आडवताय?"

तिला काय कळणार! ती रडत होती, पुढच्या वळणाकडे बोट दाखवून काहीतरी उडाल्याची खूण करत होती. मग तिनं शालीखालून माझी चपाती काढली, अर्धी खाल्लेली, आणि माझ्यासमोर धरली. मी दावं ओढायचं थांबवलं. मला सावध करताना कोणी पाहिलं असतं, तर तिच्याच गावच्यांनी तिला जिवंत ठेवलं नसतं.

मी माघारी फिरलो. साहेबांनी माणसं पाठवली. वळणावर, अगदी पायवाटेत, पुरलेला सुरुंग निघाला. दुसऱ्या सकाळी सखारामनं आपल्या वाटणीची चपाती माझ्या हातात दिली. म्हणाला, "ह्यी बी ठेव."

पुढे आम्ही तिथून हललो. म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं, याची हुरहूर अजून आहे. ती कोण होती, देव की भुकेलेली बाई, याचा खल मी कधी केला नाही. भैरोबाला शीव आम्हीच घातली होती, त्यानं घातलेली नव्हती, एवढं मात्र उमजलं.

अजून घरची पहिली भाकरी मी शिवेवर ठेवून येतो. नातसून विचारते, "आबा, कोण खातं वो ती?"

मी सांगतो, "ठिवायची, हात जोडायचं, आन् मागं न बगता घरला यायचं."